तीस मीटरच्या चौकोनात शेततळं शोधू नका

मे उजाडला की माझ्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या गावांहून येतो. संगणकावर पाणलोट आखला, आता येवा, म्हणजे त्यातून वाहून येणारं पाणी, किती धरू? आखणं पाच मिनिटांचं काम आहे. घोळ पुढे होतात, आणि दरवर्षी तेच होतात.

प्रश्न : एसआरटीएम या अवकाशातून केलेल्या मोजणीचा फुकट मिळणारा 30 मीटरचा डीईएम (जमिनीच्या उंचीचा संगणकी नकाशा) शेततळ्याची जागा ठरवायला पुरेल का? (संगमनेर)

नाही. 30 मीटरचा एक चौकोन म्हणजे 900 चौरस मीटर, जवळजवळ नऊ गुंठे. तुमचं 30 बाय 30 चं अख्खं शेततळं त्यात मावतं आणि त्या चौकोनाला उंची एकच. शिवाय ही मोजणी फेब्रुवारी 2000 मधली. त्यानंतर तुमच्या शिवारात जेसीबीने किती बांध इकडचे तिकडे केले, ते तुम्हालाच ठाऊक. गावचा मोठा नाला आखायला तो चालतो. शेततळ्यासाठी कृषी सहायकाला बोलवा आणि डंपी लेव्हल (जमिनीची उंची मोजायची दुर्बीण) लावून घ्या.

प्रश्न : पाणलोटाचं क्षेत्रफळ 0.0004 येतंय. एकक कोणतं? (नागपूर)

चौरस अंश. नकाशा यूटीएममध्ये, म्हणजे मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीत, आणा. 78 अंश रेखांशाच्या पूर्वेला झोन 44 लागतो. तुम्ही पाहिलेल्या व्हिडिओतला माणूस पुण्याचा असेल, म्हणून त्याने 43 घेतला.

प्रश्न : क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘फिल सिंक्स’ (खड्डे भरा) चालवलं आणि गावतळंच गायब झालं. (सिन्नर)

होणारच. सॉफ्टवेअरला प्रत्येक खड्डा ही नकाशातली चूक वाटते. पाणी पुढे वाहतं राहावं म्हणून ते खड्डा काठापर्यंत बुजवतं. खरं तळं, पाझर तलाव, जुनी खाण यांची वेगळी नोंद ठेवा आणि वरच्या अंगाला जेवढं पाणी अडतं तेवढं येव्यातून वजा करा. रस्त्याचा भराव याच्या उलट फसवतो. डीईएमला भराव दिसतो, खालची मोरी दिसत नाही, आणि नाल्याची रेघ भलत्याच शिवारात जाते. पावसात एकदा तिथे जाऊन उभे राहा.

प्रश्न : आमचा पाणलोट 500 हेक्टरचा, वर्षाला 600 मिमी पाऊस. कर्व्ह नंबर (पाणी किती वाहून जाईल हे सांगणारा जमिनीचा अंक) 80 धरला, त्याच्या सूत्रात घातला, अपधाव, म्हणजे वाहून जाणारं पाणी, 524 मिमी आला. याच आकड्यावर सल्लागाराने चार बंधारे सुचवलेत. बरोबर आहे ना? (माण)

साफ चूक. या एका चुकीपायी कोरडे राहिलेले बंधारे मी पाहिलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हे सूत्र एका दिवसाच्या, फार तर एका वादळाच्या पावसासाठी आहे. 80 नंबरला जमिनीची साठवण 63.5 मिमी. तिच्या 0.3 पट पाऊस, म्हणजे 19 मिमी, आधी जमीन पिते. अपधाव त्यानंतर सुरू होतो. हे पिणं दर पावसाला नव्याने होतं. तुम्ही वर्षाचा पाऊस एकदम ओतून ते वर्षातून एकदाच होऊ दिलंत. तोच 600 मिमी पाऊस 30-30 मिमीच्या वीस दिवसांत पडला असं धरा. एका दिवसाला अपधाव जेमतेम 1.6 मिमी, वीस दिवसांचा 32. कुठे 524 आणि कुठे 32! उलट एकाच दिवशी 100 मिमी कोसळला तर 45 मिमी वाहून जातो. म्हणून जवळच्या मंडळातल्या पर्जन्यमापकाचे रोजचे आकडे हवेत, तेही बऱ्याच वर्षांचे.

दुसरं, 80 आला कुठून? ‘सगळे तोच घेतात’ असं तुम्ही पुढे लिहिलंय. सगळे म्हणजे कोण? माती, पीक, उतार आणि आधीच्या पाच दिवसांचा पाऊस पाहून नंबर ठरतो. काळ्या रानात माती ओली असेल तर 0.3 च्या जागी 0.1 येतो आणि तोच 30 मिमीचा दिवस 1.6 ऐवजी 6.4 मिमी देतो. जूनमध्ये तीच जमीन भेगाळलेली असते, तेव्हा पहिला पाऊस भेगांतच जिरतो.

पडताळा म्हणून वर्षाच्या पावसावरून येवा काढणारं, दख्खनच्या पठारासाठीचं इंग्लिस-डिसूझा सूत्र लावा. पाऊस सेंटिमीटरमध्ये : 60 गुणिले (60 वजा 17.8), भागिले 254. येतात 10 सेंमी, म्हणजे 100 मिमी. तुमच्या 500 हेक्टरवर 5 लाख घनमीटर. सल्लागाराच्या हिशेबाने होतात 26 लाख! त्यातही हा सरासरी पावसाचा येवा. चार वर्षांतून तीनदा हमखास मिळणारा याहून कमी. रंगीत नकाशे आणि जाड बांधणीच्या अहवालाला भुलू नका. रोजच्या पावसाचा तक्ता मागा. तो नसेल तर पैसे देऊ नका, आणि मृद व जलसंधारणाच्या अभियंत्याकडून आकडे तपासून घ्या.

प्रश्न : याच हिशेबावरून नाल्यावरच्या मोरीचा व्यास सांगाल का? (बार्शी)

नाही. येवा म्हणजे हंगामाचं पाणी, मोरीला लागतो एका तासाचा लोंढा. अभियंत्याला जागेवर न्या.

प्रश्न : बंधाऱ्याचा पाया भरून झालाय. आता अपधाव काढून द्याल? (जत)

हे पत्र दिवाळीत यायला हवं होतं. सांडव्याचं काँक्रीट पडलं नसेल तर काम आजच थांबवा. नाल्याच्या काठावर जुन्या पुराच्या खुणा असतील, झाडांच्या बुंध्यांना अडकलेला पाचोळा असेल. त्यांची उंची मोजा, फोटो काढा आणि ते घेऊन मृद व जलसंधारण उपविभागाच्या कार्यालयात जा. काँक्रीट पडलं असेल तरीही जा.