पावसाळ्यात नळाला पिवळसर पाणी येतं. तुरटी फिरवली तर जाईल का, की आरओच घ्यावा?

तुरटीनं गढूळपणा खाली बसतो, हा पिवळेपणा घरच्या घरी सहसा बसत नाही. काचेच्या ग्लासात रात्रभर पाणी ठेवून बघा. तळाशी तांबूस गाळ आला तर लोह किंवा गंजका पाइप. काहीच न बसता रंग तसाच राहिला तर तो बहुतेक पालापाचोळ्याचा अर्क, म्हणजे ह्युमिक आणि फल्विक आम्लं.

पण तुमच्या नगरपालिकेला आधी हे विचारा, की क्लोरीन नेमका कुठे टाकता? मी कोकणात एका जलशुद्धीकरण केंद्रावर केमिस्ट होतो आणि याच मुद्द्यावरून साहेबांशी माझं कायमचं बिनसलं. जूनमध्ये रॉ वॉटर (शुद्ध न केलेलं पाणी) यायचं ते चहाच्या दुसऱ्या पाण्यासारखं, टर्बिडिटी म्हणजे गढूळपणा मात्र किरकोळ. साहेबांचा उपाय ठरलेला: "इनलेटलाच (पाणी केंद्रात येतं तिथेच) क्लोरीन वाढवा, रंग उडतो की नाही बघा." उडायचा ना! पण रंग उडाला तरी तो पालापाचोळ्याचा माल पाण्यातच राहतो आणि क्लोरीनशी जुळून क्लोरोफॉर्म व त्याची भावंडं तयार होतात. हे रॉटरडॅमच्या रोक नावाच्या केमिस्टनं १९७४ सालीच छापून दाखवलंय.

मी जार टेस्ट लावली, म्हणजे तुरटीचा परिणाम बीकरांत तपासून बघितला. सहा बीकर, तुरटी सगळ्यांत सारखी, फरक फक्त चुन्याचा. आमचं पाणी मऊ, म्हणून तुरटीआधी चुना द्यायची पद्धत होती. चुन्यानं पीएच (पाण्याच्या आम्लतेचा आकडा; कमी म्हणजे जास्त आम्ल) वाढतो. तो साडेसातच्या पुढे गेला त्या बीकरांत तुरटीची गुठळी झकास बसली, पाणी नितळ, पण पिवळंच. सहाच्या आसपास गुठळी बारीक आणि आळशी. बसायला वेळ लागला, पण वरच्या पाण्यात पांढऱ्या टाइलवर धरूनही रंग सापडेना. म्हणजे चुना आणि क्लोरीनचा मुख्य डोस, दोन्ही फिल्टरनंतर द्यायचे, एवढंच. साहेब म्हणाले, "बीकरवर गाव चालत नाही." अमेरिकेनं मात्र १९९८ साली नियमच केला, की नदी-तलावाचं पाणी घेणाऱ्या केंद्रांनी सेंद्रिय कार्बनचा (यातच हा पालापाचोळ्याचा अर्क येतो) ठरावीक वाटा कोॲग्युलेशनमध्येच, म्हणजे तुरटीसारख्या रसायनानं गुठळी करतानाच, काढायचा.

आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, क्लोरोफॉर्मला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. तुमच्याकडे ती तपासणी शेवटची कधी झाली, हे माहितीच्या अधिकारात विचारा. उत्तर काय येतं ते मलाही कळवा.

हां, क्लोरीनच बंद करा असा अर्थ कुणी काढू नका. कावीळ-टायफॉइडचा धोका क्लोरोफॉर्मपेक्षा कितीतरी मोठा. पाण्यात शेवाळ किंवा मँगनीज असेल तर थोडं प्री-क्लोरिनेशन, म्हणजे सुरुवातीलाच क्लोरीन देणं, लागतंही. पीएच उतरवायचे प्रयोग घरी करू नका; साडेपाचच्या खाली गेलं की तुरटीतलं ॲल्युमिनियमच पाण्यात उतरतं.

आरओ चालेल, पण नळाला क्लोरीनचं पाणी येत असेल तर या रंगासाठी चांगला कार्बन फिल्टर बहुतेक पुरतो, कार्ट्रिज वेळेवर बदललं तर. आरओवाला टीडीएस मीटर बुडवून घाबरवेल, त्याला भुलू नका. ते मीटर क्षार मोजतं, हा रंग नाही.