गाढवाचा दगड दिसलाय ना? अर्ज नंतर, आधी गावात जाऊन बसा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. रोह्याकडे रविवारी पायी भटकताना पडक्या देवळामागे तीन वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारक-दगड) आणि एक गाढव कोरलेला लेखाचा दगड सापडला, देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी सुरू झालीय, आणि "संबंधित खात्याला ईमेल केलाय, उत्तराची वाट बघतोय" असं लिहिलंय तुम्ही. त्या शेवटच्या वाक्यामुळे लिहायला बसलो. अशीच वाट मीही बघितली होती.

वीरगळ आणि सतीशिळा (सती गेलेल्या बाईचा स्मारक-दगड) तुम्हाला ओळखता येतात हे फोटोंवरून कळतंय, त्यात शिरत नाही. चौथा दगड गद्धेगळच आहे. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख, खाली गाढव आणि स्त्री. लेखात नोंदवलेलं दान मोडणाऱ्याला दिलेली ती शिवी आहे, त्यामुळे गावातली माणसं तो दगड दाखवायला लाजतात. वीरगळाला निदान शेंदूर लागतो, फूल मिळतं. गाढवाच्या दगडाला कोणी वाली नसतो आणि काम निघालं की तोच आधी जातो. अलिबागजवळच्या अक्षीचा शके 934 चा मानला जाणारा लेख गद्धेगळावरच आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांमध्ये त्याचं नाव घेतात. तेव्हा तुमच्या दगडावर काय असेल हे वाचल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही.

आता माझी चूक. मला असाच दगड दिसला तेव्हा भर दुपार होती. मोबाइलवर चार फोटो काढले आणि घरी येऊन मन लावून दोन पानी अर्ज लिहिला. अर्ज गेला म्हणजे दगड वाचला, असं मी धरून चाललो. कार्यालयाचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. आधी सांगितलं, गट नंबर नाही, अर्ज अपूर्ण आहे. तो जोडला, तर म्हणाले ही जागा आमच्या यादीत नाही, तहसीलमार्फत या. तहसीलमध्ये उत्तर मिळालं, हे आमचं कामच नाही. मी पोचही घेतली नव्हती, त्यामुळे तिसऱ्या खेपेला पहिला अर्ज आलाच नव्हता असं ऐकून घ्यावं लागलं. यात पाच महिने गेले. त्या पाच महिन्यांत मी त्या गावात एकदाही गेलो नाही. पावसाळ्यानंतर गेलो तेव्हा नवं जोतं उभं होतं. गवंड्याने सरळ सांगितलं, चांगला सपाट दगड होता, कोपऱ्याला बसवला, कोरलेली बाजू आत. कोणी सांगितलं असतं तर बाजूला ठेवला असता, हेही तोच म्हणाला. ते वाक्य अजून जात नाही डोक्यातून. आणि माझे चार फोटो? दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात अक्षरांना सावलीच पडत नाही. नऊ ओळी मोजता येतात, वाचता एकही येत नाही.

म्हणून सांगतो, याच आठवड्यात परत जा. सकाळी कोवळ्या उन्हात किंवा सूर्य कलल्यावर जा, नाहीतर अंधार पडल्यावर टॉर्च दगडाच्या अगदी कडेला धरून तिरपा उजेड पाडा. एकेक ओळ वेगळी टिपा, शेजारी मोजपट्टी ठेवा. वरच्या ओळींवर जास्त मेहनत घ्या. शक आणि संवत्सर बहुधा तिथेच असतात, राजाचं नाव झिजलं तरी त्यावरून काळ लावता येतो. खडू, पीठ, तेल, तारेचा ब्रश यांतलं काही लावू नका. ठसा घेणं जाणकारावर सोडा. शेंदूर खरवडून "संवर्धन" करणाऱ्या मोहिमांवर माझा राग आहे, काहींना तो आवडणार नाही, पण खरवडताना अक्षरंही जातात हे मी पाहिलंय.

मग गावात बसा. सरपंचांना भेटाच, पण त्याआधी पुजारी, देवस्थान समितीतली जुनी माणसं आणि मुख्य म्हणजे ज्याला काम दिलंय तो गवंडी. त्यांना कायदा ऐकवू नका. तुमच्या गावाचं नाव कदाचित या दगडावर असेल, एवढंच सांगा. दगड हलवायला लागलाच तर देवळाच्याच आवारात, मूळ जागेचा फोटो आणि अंतर लिहून ठेवून, सावलीत उभा करायला सांगा. घरी किंवा संग्रहात उचलून आणण्याचा विचारही नको.

मी वकील नाही, माझ्या समजुतीप्रमाणे सांगतो: राज्याच्या प्राचीन स्मारकांविषयीच्या 1960 च्या कायद्याचं संरक्षण अधिसूचना निघालेल्या वास्तूंना मिळतं. देवळामागचे सुटे दगड त्यात क्वचितच असतात. अर्ज तरीही करा. सातबाऱ्यावरून गट नंबर काढा, फोटो जोडा, आवक क्रमांकाचा शिक्का असलेली पोच घ्या. ग्रामपंचायतीलाही एक प्रत द्या. प्रत्येक ठिकाणी माझ्यासारखाच अनुभव येईल असं नाही, मदत करणारे अधिकारीही मला नंतर भेटले.

जाताना तीन गोष्टी. इथे टाकलेल्या फोटोंमधून ठिकाणाचा नेमका पत्ता काढून टाका, सुटे दगड चोरीला जातात. दुसरं, कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्याचं 1883 चं गॅझेटियर चाळा, आजूबाजूच्या गावांच्या नोंदी मिळाल्या तर गावकऱ्यांशी बोलायला विषय होतो. तिसरं, मागच्या कातळावर आग्या मोहोळ दिसतंय तुमच्या तिसऱ्या फोटोत. अत्तर लावून किंवा धूर करत तिकडे फिरकू नका.

ओळींचे फोटो निघाले की इथेच टाका. लेख वाचणारे दोघं-तिघं माझ्या ओळखीचे आहेत, त्यांना मी त्याच दिवशी पाठवतो.