आधी ती हाताची घडी सोडव

प्रिय,

मेसेज वाचला तुझा. घसा बसलाय, तिसरीचा वर्ग ऐकत नाही. लवंग चघळ, कोमट पाणी पी, ते आहेच, पण घसा बसतो कारण सगळं काम तू तोंडानेच करतेस. आणि ट्रेनिंगच्या पीपीटीत ते ‘९३ टक्के संवाद देहबोलीतून होतो’ असं होतं म्हणालीस ना, ते आधी डोक्यातून काढ. मेहराबियन नावाच्या मानसशास्त्रज्ञाचे १९६७चे प्रयोग आहेत ते, सुटे सुटे शब्द वेगवेगळ्या सुरात ऐकवून, चेहऱ्याचे फोटो दाखवून बोलणाऱ्याच्या भावना ओळखायला लावल्या होत्या, तेवढ्यापुरताच तो आकडा. हातच्याची वजाबाकी ९३ टक्के हातवाऱ्यांनी शिकवून दाखवा म्हणावं :)

आता कामाचं. तू फळ्याजवळून हलत नाहीस, हो ना? नवीन सगळे तिथेच चिकटतात, मग पुढची रांग आणि मधली पट्टी एवढ्यांशीच तास होतो आणि मागच्या कोपऱ्यातली पोरं आपापला उद्योग करतात. दोघं बडबडत असले की नाव घेऊन ओरडू नकोस, अख्खा वर्ग धडा सोडून तमाशा बघतो. वाचता वाचताच चालत जा, त्यांच्या बाकाशी उभी राहा, त्यांच्याकडे बघूही नकोस, वाचन चालू. बहुतेक वेळा तेवढ्यात काम होतं. बाकांमधून मागेपर्यंत जायला वाट नसेल तर आजच बाक सरकव, त्याला हेडसरांची परवानगी लागत नाही. आणि सूचना देताना मात्र एका जागी थांब. वह्या वाटत वाटत सूचना दिली की ती कुणीच ऐकत नाही.

पण माझं खरं म्हणणं तुझ्या चेहऱ्याबद्दल आहे. फळ्यावर ५२ वजा २७. पोरगा येतो, ३५ लिहितो, म्हणजे दोनातून सात जात नाहीत म्हणून त्याने सातातून दोन घालवले. तू काही बोलत नाहीस, फक्त भुवई वर जाते. तो पटकन पुसतो, शेजारच्याकडे बघतो, ३४ लिहितो, परत तुझ्याकडे बघतो, परत पुसतो, २५. तुझा चेहरा खुलतो, वर्ग टाळ्या वाजवतो. गणित कुठे झालं त्यात? त्याने तुझी भुवई वाचली. बर्लिनमध्ये शंभरेक वर्षांपूर्वी फॉन ऑस्टन नावाच्या मास्तरांचा हान्स घोडा होता, टाप आपटून बेरजा वजाबाक्या करायचा, लोक थक्क. १९०७मध्ये फुंग्स्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं तर घोडा चुकतो, कारण टापा बरोबर आकड्याला आल्या की समोरच्या माणसाची मान नकळत किंचित हलायची आणि हान्स थांबायचा. घोड्याला जमतं तर आठ वर्षांच्या पोराला का नाही जमणार!

म्हणून उत्तर बरोबर असो की चूक, चेहरा तोच आणि प्रश्नही तोच, ‘कसं काढलंस सांग.’ फक्त चुकल्यावरच विचारलंस तर तीही खूण होते, आठवड्यात ओळखतात.

आणि थांबायला शीक. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-संशोधक, त्यांनी सत्तरच्या दशकात वर्गांच्या टेप ऐकून मोजलं होतं, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात, तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारीही बोलतात. तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत पण वर्गात फार मोठे वाटतात, मनात मोज. तेवढ्या वेळात नजर सगळ्या वर्गावर फिरव, सगळ्यात आधी वर आलेल्या हातावर अडकवू नकोस.

आता ‘हाताची घडी, तोंडावर बोट’. वर्ग शांत दिसतो, साहेब आले की बरं वाटतं, मान्य. पण मुलं हातांनी विचार करतात गं. शिकागोच्या मानसशास्त्रज्ञ सुसान गोल्डिन-मेडो यांचं यावर बरंच काम आहे, गणित समजावताना मुलाच्या तोंडात चुकीचं असतं आणि हात कधी कधी बरोबर रीत दाखवत असतात, म्हणजे ते पोर शिकण्याच्या अगदी काठावर असतं. घडी घातली की तुला ते दिसणारच नाही. करंगळी वर केली की बाहेर जायचंय हे तुला न बोलता कळतं ना? तशीच अजून एक खूण लाव, समजलं नाही तर छातीशी अंगठा खाली, शेजाऱ्याला दिसणार नाही असा. ‘समजलं का?’ला नुसतं ‘होऽऽऽ’ येतं, त्यावर विश्वास ठेवू नकोस.

डोळे वटारण्याबद्दल तू विचारलंस. कधीतरी चालतं, रोज वटारलेस की कुणी मोजत नाही. एखादं पोर मान खाली घालून उभं असेल तर ‘माझ्याकडे बघून बोल’ म्हणू नकोस, कितीतरी घरांत मोठ्यांच्या डोळ्याला डोळा लावणं उद्धटपणा समजतात.

एक कर, या आठवड्यात मोबाईल खिडकीत ठेवून दहा मिनिटं स्वतःचं शूटिंग घे, कॅमेरा तुझ्यावर, मुलांवर नाही. मग आवाज बंद करून बघ. कुणाच्या दिशेने वळतेस, चुकीच्या उत्तराला तोंड कसं होतं, किती वेळ पाठ फिरवून फळ्याशीच बोलतेस, सगळं दिसेल. बघून झालं की डिलीट कर, ग्रुपवर टाकत बसू नकोस. आणि फोन कर रविवारी, पण दुपारी नको, मी झोपलेली असते.

तुझी,
मॅडम