डिस्पेअर आणि डिस्डेन यांचा अर्थ एकच का?

नाही, डिस्पेअर म्हणजे आशाच सुटणं, आणि डिस्डेन म्हणजे समोरच्याला तुच्छ लेखणं. फरक लॅटिन मुळातच आहे: पहिल्यात 'स्पेरारे' म्हणजे आशा करणं, दुसऱ्यात 'डिग्नुस' म्हणजे लायक. पावसानं महिनाभर ओढ दिल्यावर वाळत्या सोयाबीनकडं बघून शेतकऱ्याच्या मनात येतं ते डिस्पेअर. त्यालाच मोंढ्यात कुणी 'तुला काय कळतंय' म्हणून झिडकारलं, तर ते डिस्डेन. परभणीत दहावीच्या पोरांना मी असंच शिकवते, पक्कं ध्यानात राहतं. होपलेसनेस डिस्पेअरजवळचा; स्कॉर्न, कंटेम्प्ट डिस्डेनजवळचे. मात्र कंटेम्प्ट दिसला की सरसकट 'तिरस्कार' लिहू नका: छत्रपती संभाजीनगर खंडपीठाच्या बातमीत त्याचा अर्थ न्यायालयाचा अवमान असतो.