एनग्रेव्हिंग आणि एचिंग यांत फरक काय? शब्दकोशात तर दोन्हींना 'कोरणे'च दिलंय!

तुमचा प्रश्न असा, की वडिलांच्या पंचाहत्तरीसाठी पितळी पाटी करायला गेलात, दुकानदाराने विचारलं "एनग्रेव्हिंग करू की एचिंग?", आणि घरी येऊन शब्दकोश उघडला तर दोन्ही शब्दांपुढे 'कोरणे'. मग तो दोन पर्याय कसले देत होता?

शब्दकोशाला फार दोष देऊ नका. 'कोरणे' हा एनग्रेव्हिंगला चपखल शब्द आहे. घोटाळा एचिंगचा आहे, कारण त्यात कोरणारं कोणी नसतंच.

मी कला महाविद्यालयात प्रिंटमेकिंग, म्हणजे पत्र्यावर चित्र करून त्यात शाई भरून ते कागदावर छापण्याची कला शिकलो, आता ट्रॉफ्या आणि पाट्यांचं छोटं दुकान चालवतो. म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोळलेत, एकदा तर खरोखरच.

आधी एनग्रेव्हिंग. हातात ब्युरिन नावाची चौकोनी पोलादी सळई, टोक तिरकं घासलेलं, मागे तळहातात बसणारी लाकडी मूठ. ती तांब्याच्या पत्र्यावर जवळजवळ आडवी धरून पुढे ढकलायची. पेनासारखी ओढायची नाही, नांगरासारखी रेटायची. पुढे तांब्याची बारीक कुरळी तार उठत जाते. वळण घ्यायचं असेल तर हात तसाच ठेवून खालच्या वाळूच्या चामडी उशीवर पत्रा फिरवायचा. जोर वाढवला की रेघ रुंदावते, सोडला की सुईच्या टोकासारखी निमुळती होत संपते. पहिल्या महिन्यात माझी ब्युरिन इतक्यांदा घसरली, की पत्र्यापेक्षा डाव्या अंगठ्यावर जास्त काम झालं होतं.

एचिंगमध्ये धातूला जोर लावायचाच नसतो. पत्र्यावर मेण, डांबर आणि राळ यांच्या मिश्रणाचा पातळ थर द्यायचा, मेणबत्तीच्या काजळीने तो काळा करायचा आणि सुईने त्यावर चित्र काढायचं. सुई फक्त थर खरवडते, खालचा धातू उघडा पडला की झालं. मग पत्रा ॲसिडमध्ये सोडायचा. जिथे उघडा आहे तिथे ॲसिड त्याला खातं. जस्ताचा पत्रा नायट्रिक ॲसिडमध्ये टाकला की रेघांवर बारीक बुडबुडे धरतात, ते आम्ही पक्ष्याच्या पिसाने हलकेच बाजूला सारायचो. गडद रेघ हवी तर पत्रा जास्त वेळ ठेवायचा, फिकी हवी तिथे मध्येच बाहेर काढून त्या भागावर वॉर्निश लावायचं. म्हणजे तिकडे मनगटाचा जोर, इकडे घड्याळ. मी एकदा पत्रा ट्रेमध्ये ठेवून चहाला गेलो आणि गप्पांत रमलो. परत आलो तर थर उखडलेला, जवळजवळच्या रेघा एकमेकींत मिसळलेल्या, आणि तीन आठवड्यांच्या कामाच्या जागी खड्डा. पत्रा घाईने हातानेच उचलला, त्याची खूण बोटावर अजून आहे.

आता शब्दांची मूळं बघा, फरक तिथेच आहे. 'एनग्रेव्ह'मधला 'ग्रेव्ह' म्हणजे जुन्या इंग्रजीतलं खणणं. थडग्याला 'ग्रेव्ह' म्हणतात तोही याच कुळातला. 'एच' इंग्रजीत आला डच भाषेतून, डचमध्ये जर्मन 'एट्सेन'वरून, आणि त्याचा मूळ अर्थ खाऊ घालणे. इंग्रजी 'ईट'चा तो नातलगच. गंमत म्हणजे मराठीला हे आधीपासून ठाऊक आहे. 'गंजाने पत्रा खाल्ला' असं आपण म्हणतोच, 'गंजाने पत्रा कोरला' असं कोणी म्हणत नाही. म्हणून मला विचाराल तर एचिंग म्हणजे पत्रा ॲसिडला खाऊ घालणे. शब्दकोशात हे शोभणार नाही, पण अर्थ पोचतो.

लाक्षणिक वापरातही हा भेद कधीकधी डोकावतो. अंगठीच्या आत नाव किंवा थडग्यावर तारीख घालायची तर इंग्रजीत सहसा 'एनग्रेव्ह', कारण ते कोणीतरी मुद्दाम केलेलं असतं. चेहऱ्यावर वर्षानुवर्षांच्या काळजीने पडलेल्या रेघा मात्र बहुधा 'एच' झालेल्या असतात. त्या कोणी कोरल्या नाहीत, काळाने खाल्ल्या. स्मृतीच्या बाबतीत दोन्ही चालतात, तिथे वाद घालण्यात अर्थ नाही.

चित्रकारांकडे पाहिलं की हे डोळ्यांना दिसतं. न्यूरेंबर्गचा आल्ब्रेख्ट ड्यूरर सोनाराचा मुलगा, धातूवरचं काम वडिलांच्या हाताखाली शिकलेला. १५१४ सालचं त्याचं 'मेलेन्कोलिया' हे एनग्रेव्हिंग. त्याने एचिंगही केली, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, तीही लोखंडी पत्र्यावर. रेम्ब्रांटने उलट सुमारे तीनशे एचिंग केली. वहीत भराभर रेखाटावं तशी त्याची रेघ धावते, कारण मेणावर सुईला अडवणारं काही नसतं. ड्यूररची रेघ शिस्तीत चालते, अंग भरते, निमुळती होते.

आपल्याकडची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८०५ साली मिरजेत पटवर्धनांच्या आश्रयाने भगवद्गीता छापली गेली, तीही टाइप जुळवून नाही तर तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरं कोरून. छापताना सुलट उमटावीत म्हणून ती सगळी उलटी कोरायची! मी एकदा हौसेने 'क्ष' उलटा कोरायला बसलो होतो. चौथ्या प्रयत्नाला ब्युरिन खाली ठेवली.

बाजारात मात्र हे शब्द ढिले झालेत. लेसरवाले खोल खाच पडली तर एनग्रेव्हिंग म्हणतात, वरवर खूण उमटली तर एचिंग, आणि ॲसिडचा तिथे थेंबही नसतो. स्टीलच्या डब्यावर घुर्र आवाज करत 'सप्रेम भेट' घालणारं मशीन तर टोचे मारत जातं. ते धड खणतही नाही आणि खाऊही घालत नाही, पण त्यालाही सगळे एनग्रेव्हिंगच म्हणतात.

तुमच्या पाटीचं म्हणाल तर नुसतं नाव आणि तारीख असेल तर एनग्रेव्हिंग घ्या, अक्षरांच्या कडा धारदार येतात. वडिलांचं रेखाचित्र, नक्षीची किनार किंवा चार ओळींचा मजकूर हवा असेल तर एचिंग. पितळेवर ते बहुतेक फेरिक क्लोराइडने करतात आणि खाचेत काळा रंग भरतात. खोली किती देणार ते आधी विचारा. पाटी दारावर लागणार आणि दर दिवाळीला चिंचेने घासली जाणार असेल, तर उथळ अक्षरं काही वर्षांत पुसट होतील. ताब्यात घेताना अक्षरांवरून नख फिरवा. अडकलं तर पैसे द्या, घसरलं तर पाटी तिथेच ठेवून या.