बाहुलीवर लिहायला घेण्यापूर्वी

बार्बीवर पहिलाच लेख लिहायला घेतला आहे, तर माझे एक ऐका : बाहुली हातात घेऊन नीट न्याहाळल्याशिवाय ‘स्त्रीत्वाचा साचा’ यांसारखे जडजंबाल शब्द कागदावर उतरवू नका. मॅटेल कंपनीने १९५९ साली बाजारात आणलेल्या पहिल्या बार्बीची नजर तिरपी होती. ती थेट समोर पाहू लागली ती १९७१ च्या मालिबू बार्बीपासून. तिची पावले तर उंच टाचांच्या बुटांसाठी कायमची चवड्यांवर उचललेली घडवली होती, त्यामुळे आधाराशिवाय ती उभीच राहत नसे.

१९६५ हे साल मात्र सावकाश तपासा. त्या एकाच वर्षी अंतराळवीर बार्बी आली आणि ‘स्लंबर पार्टी’ (मैत्रिणींकडे रात्रीच्या मुक्कामाला जाणारी) बार्बीही आली, जिच्या सामानात ११० पौंडांवर काटा खिळलेले वजनाचे यंत्र आणि वजन घटवण्यासाठी ‘खाऊ नका’ असे सांगणारे इवलेसे पुस्तक होते. या दोघींतली सोयीची तेवढी उचलून निकाल देऊन मोकळे होण्याचा मोह नवोदितांना हमखास होतो (जुन्यांनाही सुटलेला नाही). गुलाबी रंगावर पाने खर्ची घालू नका. ते बहुतेकांनी लिहून झाले आहे.

मुलांशी बोलायचे असेल, तर ‘तुला ही का आवडते?’ असे विचारण्याऐवजी त्यांचा खेळ शांतपणे पाहा, कारण जिला कंपनीने नटवून पाठवले आहे, तिचे केस कात्रीने भादरून तिला बसची कंडक्टर करणारी मुलगी तुमच्या लेखातल्या कितीतरी गृहीतकांना छेद देईल.