हस्तव्यवसायांना आर्थिक, सामाजिक, राजकीय जीवनात खरंच काही स्थान असतं, की ती फक्त शोभेची गोष्ट आहे?

शोभेची गोष्ट हे त्यांचं अगदी अलीकडचं रूप. कारखाने येईपर्यंत कारागिरी म्हणजेच उद्योग होता. आणि माझ्या मते कारागिरांचं वजन नुसत्या कसबामुळे नव्हतं, ते एकत्र असल्यामुळे होतं.

नाशिकच्या पांडवलेण्यांत दुसऱ्या शतकातला एक शिलालेख आहे. क्षत्रप म्हणजे त्या काळचा प्रांताधिपती नहपान, त्याचा जावई उषवदात याने नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, ३,००० कार्षापण (त्या काळची नाणी) कायमची ठेव म्हणून ठेवले. २,००० दरमहा एक टक्का व्याजाने, १,००० पाऊण टक्क्याने. मुद्दल परत घ्यायचं नव्हतं. व्याजातून लेण्यातल्या भिक्षूंचा वस्त्रांचा आणि इतर खर्च भागायचा. राजघराण्यातला माणूस कायमसाठी ठेवलेला पैसा विणकरांच्या हवाली करतो! एवढी पत त्या श्रेणींची होती.

राजकारणाचं म्हणाल तर इटलीतल्या फ्लॉरेन्स नगराने १२९३ मध्ये कायदाच केला की नगराचं वरचं पद हवं तर व्यवसायसंघाचं सदस्यत्व हवं. कवी दान्तेने राजकारणासाठी वैद्य आणि औषधविक्रेत्यांच्या संघात नाव घातलं.

सामाजिक बाजू मात्र इतकी उजळ नाही, आणि ती लपवू नये. युरोपातल्या कित्येक संघांनी बायकांना आणि बाहेरच्यांना दारं बंद केली. आपल्याकडे काम जन्माला बांधलं गेलं: ज्याच्या हातच्या वस्तूवाचून कुणाचं घर चालत नसे, त्यालाच खालची पायरी. सूत कातणाऱ्या बायकांशिवाय माग हलत नसे, पण नोंदींत त्या क्वचितच दिसतात. याची मला आजही चीड येते.

संघटना मोडली की काय होतं? फ्रान्सने १७९१ मध्ये व्यवसायसंघही बंद केले आणि मजुरांनी एकत्र येण्यावरही बंदी घातली. चाळीस वर्षांनी, १८३१ मध्ये, लिऑनच्या रेशीम विणकरांनी मजुरीचा किमान दर मागितला. दर ठरला, पण काही व्यापाऱ्यांनी तो पाळायला नकार दिला, तेव्हा विणकरांनी शहरच ताब्यात घेतलं. ‘काम करून जगू, नाहीतर लढून मरू’ ही त्यांची घोषणा. गांधीजींच्या चरख्याला जी धार आली तीही याच जागेवरून: कापड कोण विणतं आणि पैसा कुठे जातो, हा प्रश्न त्याने घराघरांत नेला. १९३१ च्या काँग्रेसच्या झेंड्यावर चरखा होता तो उगाच नव्हे.

आज एखाद्या वस्तूला जीआय, म्हणजे तिच्या गावाशी जोडलेलं भौगोलिक मानांकन, मिळालं की आपण खूश होतो. त्याने वस्तूच्या नावाला संरक्षण मिळतं, हे चांगलंच. विणकराच्या मजुरीचा दर कोण ठरवणार, हे मात्र त्यात कुठेच येत नाही.